‘ड्रीम्स’: दोन कॉर्डांवरचं भांडण

फ्लीटवुड मॅक या रॉक बँडचं ‘ड्रीम्स’ बसवायला घेतलं की नवख्या बँडला वाटतं, यात आहे काय? एफ मेजर सेव्हन आणि जी, हेच दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आलटून पालटून. गिटारच्या तुकड्यात ए मायनर डोकावतो, बस्स. बँडच्याच कीबोर्डवादक क्रिस्टीन मॅकव्हीलासुद्धा पहिल्यांदा ते कंटाळवाणंच वाटलं होतं.

हे १९७६ मधलं, कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओतलं. गायिका स्टीव्ही निक्स आणि गिटारवादक लिंडसी बकिंगहॅम वेगळे झालेले, क्रिस्टीन आणि बासवादक जॉन मॅकव्हीचा संसार मोडलेला, ड्रमर मिक फ्लीटवुडच्या घरीही तेच. लिंडसीने ‘गो युअर ओन वे’ या गाण्यात राग काढला. त्यातली एक ओळ स्टीव्हीला झोंबली, त्याने ती काढली नाही. तिची बाजू म्हणजे ‘ड्रीम्स’. बाजूच्या खोलीत फेंडर ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोवर दहाएक मिनिटांत लिहून तिने ते कॅसेटवर टिपलं.

गंमत म्हणजे ज्याच्याबद्दल गाणं होतं, त्यानेच ते उभं केलं. कॉर्ड न बदलता लिंडसीने प्रत्येक भागाला वेगळी वाद्यं, वेगळी घनता दिली. सॉसालिटोच्या टेकमधले ड्रम आणि स्टीव्हीचा आवाज तेवढा ठेवला. गिटार आणि बास लॉस एंजेलिसला नव्याने चढवले. ड्रमसाठी आठ बारचा (आवर्तनांचा) तुकडा टेपवर लूप केला, म्हणजे तोच पुन्हा पुन्हा फिरवला.

नवख्या बँडचं गाणं फसतं ते इथेच. टेम्पो मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास, पण वाजवताना तो आळसावलेला वाटला पाहिजे. ड्रमर कंटाळून फिल (मधला भरीचा तुकडा) मारतो, बासवाला एफ आणि जीच्या मध्ये सूर भरतो, आणि गाणं मरतं. कारण सूर सी मेजरचे असूनही सी कॉर्ड, म्हणजे त्या सुरांचं घर, शेवटपर्यंत येतच नाही. कान घरी पोचायची वाट बघत राहतात. ती वाट भरून टाकली की उरतं काय? बास दोन सुरांवर ठेवा आणि चढ फक्त कोरसमधल्या आवाजांनी आणा.

जून १९७७ मध्ये ‘ड्रीम्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे या बँडचं तेवढं एकच गाणं तिथवर पोचलं.

माझ्या मते खरा अन्याय झाला तो ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ या गाण्यावर. तेही स्टीव्हीचंच, लिंडसीबद्दलचंच. लांब म्हणून ‘रूमर्स’मधून, म्हणजे ‘ड्रीम्स’ ज्या अल्बमवर आहे त्यातून, वगळलं. एलपी तबकडीच्या एका बाजूला वीसबावीस मिनिटांपेक्षा जास्त भरलं की खाचा जवळ आणाव्या लागतात आणि आवाज पडतो, हे खरंच. पण ते टाकलं कुठे, तर ‘गो युअर ओन वे’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला! पुढे स्टीव्हीने ते आपल्या १९९१ च्या संकलनासाठी मागितलं, मिकने नकार दिला, आणि तिने बँड सोडला. १९९७ मध्ये सगळे पुन्हा एकत्र आले तेव्हा ‘द डान्स’ या लाइव्ह अल्बममध्ये तिने ते गायलं. ‘रूमर्स’मध्ये त्याला जागा मिळाली २००४ च्या आवृत्तीत. सीडीला खाचांची अडचण नव्हती.