आईला किडनी देता येईल का? पीकेडीच्या तपासण्यांचा माझा अनुभव

आईला पीकेडी आहे, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी डिसीज. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी वाढत जातात आणि किडनी हळूहळू काम सोडते. तिचं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) चढायला लागल्यावर ट्रान्सप्लांटचा विषय निघाला. बाबांना शुगर आहे, मामा याच आजाराने डायलिसिसवर. माझा रक्तगट आईशी जुळत होता, त्यामुळे किडनी मीच देणार, असं मी घरी सांगून टाकलं.

अडचण एकच होती. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असला, की प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

मिरजेत सोनोग्राफी केली. दोन्ही किडन्या स्वच्छ, एकही गाठ नाही. मावशीने लगेच गणपतीला नारळ फोडला. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, मात्र म्हणाले, "मॅडम, तुमची चाळिशी अजून लांब आहे. नुसत्या सोनोग्राफीवर मी तुमची किडनी काढू देणार नाही. एमआरआय आणि जनुक-चाचणी, दोन्ही करून घ्या." घरचे वैतागले. एवढा चांगला रिपोर्ट आल्यावर आता आणखी कसली चाचणी?

मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर असं का म्हणाले ते समजून घ्यायला मी वाचत गेले आणि उंदरांपर्यंत पोचले.

या आजाराची मुख्य जनुकं दोन, पीकेडी१ आणि पीकेडी२. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. बिघडलेली प्रत जन्मापासून प्रत्येक पेशीत असते, तरी दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते. मग गाठी होतात कशा? १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी पीकेडी२ची एक प्रत मुद्दाम अस्थिर ठेवलेले उंदीर तयार केले. ती प्रत काही पेशींत अधूनमधून पूर्ण निकामी व्हायची, आणि गाठी धरायच्या त्या दोन्ही प्रती गेलेल्या पेशींतूनच. २००७ चा प्रयोग तर मी दोनदा वाचला. पिल्लू तेरा दिवसांचं होण्याआधी पीकेडी१ बंद केलं, तर काही आठवड्यांतच किडनी गाठींनी भरून जायची. तेच चौदाव्या दिवसानंतर बंद केलं, तर गाठी दिसायला पाचेक महिने लागायचे. जनुक तेच, बिघाड तोच, फरक फक्त वेळेचा. म्हणजे आज किडनी स्वच्छ दिसते एवढ्यावरून जनुकही स्वच्छ आहे, असं कुणी म्हणू शकत नाही. हे मी घरी वहीवर चित्र काढून सांगितलं, तेव्हा बाबा गप्प झाले आणि एमआरआयची तारीख घ्यायला स्वतः गेले.

वाचता वाचता सापडलेली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत ओक रिज इथे गाठींच्या किडन्या असलेले उंदीर होते. त्यांच्यात कुठलं जनुक बिघडलंय ते १९९४ मध्ये कळलं, पण ते जनुक करतं काय, याचा पत्ता नव्हता. तो लागला २००० मध्ये, क्लॅमिडोमोनासमुळे! अकरावीला शिकवतो तेच हे दोन शेपट्यांचं हिरवं शैवाल. त्यात हे जनुक नसलं तर शेपट्या उगवतच नाहीत. मग त्या उंदरांच्या किडन्या पाहिल्या, तर नळ्यांतल्या पेशींवर जो एकेक बारीक तंतू असतो, सिलियम, तो खुरटलेला. पीकेडीची प्रथिनंही याच तंतूवर असतात. दरवर्षी वर्गात हे शैवाल शिकवताना आईच्या आजाराशी त्याचा संबंध असेल, असं मनातही आलं नव्हतं.

जनुक-चाचणी आधी आईची करावी लागते. घराण्यात नेमका कुठला बिघाड आहे ते कळल्याशिवाय माझ्या "नाही"ला अर्थ नसतो. रक्त सांगलीतच घेतलं, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, आणि नमुने बाहेरच्या लॅबला गेले. ज्यांना ही चाचणी करायची आहे त्यांनी लॅबला एक प्रश्न जरूर विचारावा: पीकेडी१ पूर्ण वाचता का? सोळाव्या गुणसूत्रावर या जनुकाशी जवळपास हुबेहूब जुळणारे सहा तुकडे आहेत आणि साध्या पद्धतीत त्यांची सरमिसळ होऊ शकते.

आईचा बिघाड पीकेडी१ मध्ये सापडला. माझ्यात तो नाही. एमआरआयही स्वच्छ आला. पुढे नात्याचे दाखले, संमतीपत्रं, मुलाखत. कंटाळवाणं होतं, पण पार पडलं. आता ऑपरेशनची तारीख मिळाली आहे.

धाकट्या भावाने मात्र माझ्यामागोमाग चाचणी केली आणि त्याच्यात बिघाड निघाला. तो दिवस घरात फार जड गेला. त्याचं बीपी आताच थोडं वर आहे, त्यावर गोळी सुरू केली आहे. गाठींची वाढ मंदावणारं टॉलव्हॅप्टन हे औषध त्याला लागेल का, ते डॉक्टर पुढच्या एमआरआयनंतर ठरवणार आहेत. त्या प्रकारच्या औषधाचा गुणही आधी उंदरांतच दिसला होता, २००३ मध्ये; माणसांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१२ मध्ये आले. ते घेताना लिव्हरच्या तपासण्या वरचेवर कराव्या लागतात. भावाची मुलगी चार वर्षांची आहे. तिची जनुक-चाचणी आत्ता करू नका, वर्षातून एकदा बीपी तेवढं बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे आणि आम्ही तेच करणार आहोत.