फासे, फायरवॉल आणि 'व'चा घोळ

रामबागेतल्या काकांच्या ऑफिसात जुन्या डेस्कटॉपवर पीएफसेन्स, म्हणजे नेटवर्कच्या दारावर पहारा देणारी फायरवॉल, चढवून तीन आठवडे झाले. 'ॲडमिन' आणि 'पीएफसेन्स' ही मूळ नाव-पासवर्डाची जगजाहीर जोडी पहिल्याच दिवशी बदलली होती. पण तिच्या जागी काय घातलं? काकांच्या स्कूटरचा नंबर. कबूल करतो.

म्हणून डाइसवेअर, फासे टाकून पासवर्डाचे शब्द निवडायची पद्धत. अर्नॉल्ड राइनहोल्डची ही १९९५ची युक्ती: पाच वेळा फासा टाकायचा, आलेल्या आकड्यासमोरचा शब्द घ्यायचा, यादीत ७७७६ शब्द. इंग्रजी शब्द काकांच्या लक्षात राहायचे नाहीत, आणि मराठी इतके जमवायला मी एकटा. मग फासा चारदाच, शब्द १२९६. पासवर्डाची ताकद बिटांत मोजतात, एक बिट वाढला की ओळखणं दुप्पट अवघड: एका शब्दाचे साधारण १०.३ बिट, सात शब्दांचे ७२.

सरळ देवनागरीतच का नाही? एक तर कन्सोलच्या, म्हणजे थेट त्या डब्यालाच जोडलेल्या, कीबोर्डवर ती उमटत नाही. शिवाय पासवर्ड कूटरूपात साठवणारं बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट खातं. म्हणजे २४ चिन्हांत खेळ खलास! तेव्हा रोमन लिपी. त्यात काल, काळ, कल, कळ सगळे एकच होऊन बसतात. एक ठेवला, तीन उडवले. यादीत दोन शब्द सारखे झाले की बिटांचा हिशेब खोटा. भर घालायला स्वयंपाकघरात शिरलो: पोळपाट, उलथनं, सोऱ्या.

गुरुवारी काकांचा फोन. "अरे, तुझं यंत्र मला आत घेईना!" शब्द त्यांना सातही पाठ होते. आ-काराला एकच 'ए' हा नियमही मी सांगितला होता. 'व'चं मात्र राहिलं. मी 'व्ही' लिहितो; त्यांच्या आडनावात पासबुकापासून 'डब्ल्यू'. चारपाचदा चुकल्यावर फायरवॉलने त्यांचा कॉम्प्युटरच काही वेळ अडवून ठेवला.

शनिवारी जाऊन मॉनिटर जोडला, मेन्यूतला ३ नंबर दाबला, पासवर्ड मूळ पदावर. मला कोणी काही विचारलंच नाही! फासे टाकून सात शब्द काढायचे आणि मागचं दार सताड उघडं. आता कन्सोललाही पासवर्ड लावलाय आणि डबा जाळीच्या कपाटात कुलपात आहे. जाळीचं अशासाठी, की बंद कपाटात इंदूरच्या मे महिन्यात तो भाजून निघेल.

पाकिटात शब्द आता रोमनमध्येच लिहून ठेवलेत. 'व'चे सगळे शब्द काढले, ६१ निघाले. यादी १२३५वर अडलीय. काकू 'झारा' आणि 'परात' सुचवून गेल्या, पण ते आधीच आहेत.