विकर्ण

रविवार, रात्र

आज सकाळी एका उत्तरापुढे मी लाल पेनाने शून्य लिहिले आणि ते शून्य दिवसभर डोळ्यांपुढून हललेले नाही.

सरावाच्या कागदावरचा तो पहिलाच प्रश्न होता, दोन गुणांचा, मुलांचा हात मोकळा व्हावा म्हणून मुद्दाम सोपा घातलेला. बारा बाजूंच्या सुसम बहुभुजाचे ‘विकर्ण’ किती, एवढेच विचारले होते. आयओक्यूएमची, म्हणजे गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीची, प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, आमच्या मुलांना इंग्रजी वाचायलाच वेळ लागतो, म्हणून या वर्षी सगळे कागद मी हिंदीतून काढते आहे. दोघांनी ५४ लिहिले. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या पोरीने ०६ लिहिले. उत्तर दोन आकडी भरायचे असते हे लक्षात ठेवून सहाच्या आधीचे शून्यही तिने नीट काढले होते. मी गुण दिले नाहीत, आणि वर सगळ्यांदेखत म्हणाले, “अगं, पहिल्याच प्रश्नाला घाई?” ती काही बोलली नाही. कागद माझ्या पुढ्यात ठेवून, पाऊस वाढायच्या आत बस गाठायची म्हणून निघून गेली.

दुपारी जेवणे झाल्यावर मी तो कागद उलटून पाहिला. मागे बांगडी ठेवून काढावे तसे एक वर्तुळ होते, त्यावर बारा ठिपके, आणि समोरासमोरचे ठिपके जोडणाऱ्या सहा रेषा. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते: “बाराही बिंदू एका वर्तुळावर आहेत. काटकोन पाहिजे असेल तर त्याच्यासमोरची बाजू व्यासच असायला हवी. व्यास सहा, म्हणून विकर्ण सहा.”

मला उलगडा व्हायला दोन मिनिटेही लागली नाहीत. चौकोनाच्या समोरासमोरच्या शिरोबिंदूंना जोडणारी रेषा आणि काटकोनासमोरची बाजू, या दोन्हींना आपण मराठीत कर्णच म्हणतो आणि संदर्भावरून ओळखतो. हिंदीत काटकोनासमोरची बाजू कर्ण आणि बहुभुजातली ती रेषा विकर्ण. कन्नडात नेमके उलटे आहे: बहुभुजातला तो कर्ण, आणि काटकोनासमोरचा विकर्ण. पोरीने शेजारच्या अक्काचे दहावीचे कन्नड पुस्तक वाचलेले आहे, त्यातून तिने तो शब्द उचलला. आणि त्या पुस्तकात उदाहरणे जास्त आहेत, ते मागून आण आणि सोडव, असे तिला जूनमध्ये मीच सांगितले होते.

म्हणजे तिच्यापुढे जो प्रश्न होता तो मी घातलेला प्रश्नच नव्हता. तिला वाटले की या बारा शिरोबिंदूंमधून जितके काटकोन त्रिकोण होतील त्यांच्या काटकोनासमोरच्या बाजू मोजायच्या आहेत, आणि माझ्या प्रश्नापेक्षा कितीतरी अवघड असलेला तो प्रश्न तिने तीन ओळींत, एकही पायरी न चुकता सोडवला. माझ्या प्रश्नाला सूत्र पाठ असले की पुरते: बारा गुणिले नऊ, भागिले दोन. तिच्या प्रश्नाला अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे आठवावे लागते, आणि त्याचा व्यत्यासही.

आणि मी म्हणाले, घाई.

नऊ वर्षे झाली हे रविवारचे वर्ग सुरू होऊन. आमच्याकडचे एकही मूल अजून पहिली पायरी ओलांडून गेलेले नाही. शाळेत त्याची चौकशी कोणी करत नाही, पालकांना वाटते गणित तर शाळेत होतेच, आणि नववीतले माझे ते वर्ष – ते राहू दे. आज दुपारी खिडकीपाशी बसून मला मनापासून वाटले की तीन भाषांच्या मधल्या या पट्ट्यात मुलांनी आधी शब्दांचे अर्थ लावायचे आणि मग गणिताला लागायचे, तेही तीन तासांत तीस प्रश्न, हे आपल्याने होण्यासारखे नाही. ह्यांनी चहा आणून ठेवला आणि कागदाकडे पाहून विचारले, “कुणाचे अक्षर? किती सुरेख.” मी उत्तर दिले नाही.

पण तेवढ्यात कागदाच्या अगदी तळाशी, ओलसर कोपऱ्यात, मला आणखी एक ओळ दिसली. ६ × १० = ६०. प्रत्येक व्यासाला उरलेल्या दहा बिंदूंपैकी कुठलाही एक जोडला की एक काटकोन त्रिकोण होतो, म्हणून असे त्रिकोण साठ. हे कोणी विचारलेले नव्हते. परीक्षेचा वेळ चालू असताना, उत्तर लिहून झाल्यावर, केवळ पुढे काय होते ते पाहायचे म्हणून तिने हे केले होते. ती ओळ मी किती वेळा वाचली असेन. वाचता वाचता मघाचे ते वाटणे कधी गेले ते कळले नाही.

पुढच्या पायरीला, म्हणजे आरएमओ या विभागीय ऑलिंपियाडला, तीन तासांत सहाच प्रश्न असतात आणि तिथे तपासणारा माणूस सगळी मांडणी वाचतो. तिथवर पोहोचली तर तिचे असे लिहिणे वाया जाणार नाही. पहिल्या पायरीला मात्र नुसता आकडा पाहिला जातो, तिथे ०६ ला काही मिळणार नाही, आणि हे तिच्यापासून लपवून ठेवणे बरे नव्हे. म्हणून शून्य मी खोडलेले नाही.

रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तीन रकाने आखले आहेत, मराठी, हिंदी, कन्नड. पहिल्या ओळीत कर्ण आणि विकर्ण लिहिले. दुसऱ्या ओळीत मूळ संख्या, अभाज्य, अविभाज्य. तिसरी ओळ मुलांसाठी सोडली आहे, कारण कुठल्या शब्दाला ती अडखळतात हे त्यांनाच ठाऊक असणार. आणि त्या शून्याशेजारी लिहिले: पुढच्या रविवारी हे साठ त्रिकोण फळ्यावर तू समजावून सांग. खाली, घाई म्हणाले ते चुकले, असेही लिहिले आहे. ते मात्र बसमधून उतरताच तोंडाने सांगावे लागेल.