काका, ग्लॉक नाही?

"काका, हे छऱ्याचं आहे? ग्लॉक नाही? ग्लॉकच बेस्ट ना?"

आज सकाळी बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर एका दहा-बारा वर्षांच्या पोरानं माझ्या एअर पिस्तुलाकडे बघून विचारलं. चेहऱ्यावर अशी कीव, जणू मी बुलेटवाल्यांच्या घोळक्यात लूना घेऊन आलोय.

मला ग्लॉक आवडतच नाही. साबणाच्या वडीसारखं चौकोनी ध्यान! पडद्यांचे रॉड बनवणाऱ्या गास्टन ग्लॉकचं १७ गोळ्यांचं, पॉलिमरच्या सांगाड्याचं पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं घेतलं, हे भारीच. पण 'बेस्ट' म्हणजे कशासाठी बेस्ट? त्याच्या ट्रिगरला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. आमच्या एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम. आणि १० मीटरवरून गाठायचं ते निशाण्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. शर्टाच्या बटणाएवढं.

"तू कुठे पाहिलंस रे ग्लॉक?"

"गेममध्ये."

(ग्लॉकसारखं ९ एमएम गोळीचं पिस्तूल आपल्याकडे सामान्य माणसाला लायसन्सवरही मिळत नाही, हे सांगितलं. पटलं नाही.)

मग त्याला म्हटलं, नुसता हात सरळ धर. मिनिटभरात थरथरायला लागला.

"जड आहे हो, काका."

हातात काहीच नव्हतं.