भिंतीवरची सरळ रेघ

मुंबईच्या पूर्व उपनगरांत डोंगरउतारावर ज्या वस्त्या आहेत, तिथे संरक्षक भिंत ही आधी जिवाची गोष्ट असते, चित्राची नंतर. १८ जुलै २०२१ च्या मध्यरात्रीनंतर चेंबूरच्या भारतनगरात घरांवर भिंत कोसळली, विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड आली. दोन्हीकडे मिळून पंचवीसहून जास्त माणसं गेली. अशाच एका उतारावरच्या वस्तीत मला भित्तिचित्राचं काम मिळालं. भिंत दगडी, दोन मजली घराएवढी उंच. पायथ्याशी नळ आणि बायकांची पाण्याची रांग.

काय काढायचं हे वस्तीने ठरवायचं, एवढं आधीपासून पक्कं होतं. समाजमंदिरात बैठक बोलावली. तरुण पोरांना घाटकोपरच्या असल्फा वस्तीसारखं हवं होतं. २०१७ च्या शेवटी तो डोंगर रंगवला, तेव्हापासून मेट्रोतून जाणारे माना वळवून बघतात. नळावरची एक ताई म्हणाली, "म्हणजे लांबून बघणाऱ्यांसाठी काढायचं? आम्ही तर भिंतीला नाक लावून उभ्या असतो." मग एक म्हातारे गवंडीकाका उठले. जन्म बांधकामावर गेलेला, मूळचे साताऱ्याकडचे. "रंग मारा, पण ती भोकं बुजवायची न्हाईत. मागं पाणी अडलं की भिंतीला पोट येतं."

भोकं म्हणजे निचऱ्याची छिद्रं. पावसात डोंगराची माती पाणी पिते. त्या पाण्याला वाट मिळाली नाही, तर त्याचा सगळा दाब भिंतीवर येतो. मालवणकडच्या एका आजीने भर घातली, "पाऊस लागलो की मी आधी भोकां बघतंय. गढूळ पानी इला की माती सुटली समज." भर पावसात एखादं छिद्र कोरडं राहिलं तर ते तुंबलंय, हेही तिला ठाऊक होतं. बैठकीत त्यानंतर चित्राचा विषय निघालाच नाही, आणि मला वाटतं चित्र ठरलं ते तिथेच.

एका पोराने अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे व्हिडिओ पाहिले होते. तिथल्या भित्तिचित्र कार्यक्रमाची सुरुवात १९८४ साली, ग्राफिटी थांबवण्याच्या मोहिमेतून झाली. पातळ न विणलेल्या कापडावर चित्राचे तुकडे आखून देतात, शेजारीपाजारी ते सभागृहात बसून रंगवतात आणि मग ते भिंतीवर चिकटवतात. परांचीवर चढू न शकणारी आजीसुद्धा त्यात येते, म्हणून मला ती पद्धत फार आवडते. पण इथे कापड चिकटवलं, तर झिरपणारा दगड झाकला जाणार होता. म्हणून चुना घेतला. त्यात डिंक, गेरू, पिवडी आणि नीळ. चुना दगडाला कोंडत नाही. पावसाळ्यांत तो उतरतो आणि पुन्हा द्यावा लागतो, हे सांगितल्यावर बायका म्हणाल्या, "गावाकडं दर वर्षी सारवतोच की."

रेघा मारायचा दिवस मला विसरता येत नाही. गवंडीकाका ओळंबा, लाइनदोरी आणि पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन आले. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत समपातळीत आडवे पट्टे मारायचे, ही त्यांचीच कल्पना. टोकाला उभं राहून एक डोळा मिटून बघितलं, की पट्टा कुठे बाहेर आलाय ते कळतं. खडबडीत दगडात जो फुगवटा नजरेतून सुटतो, तो सरळ रेघेवर लपत नाही. पहिला पट्टा पुरा झाला तेव्हा त्यांनी एकेका पोराला टोकाला नेऊन बघायला लावलं. मधोमध रेघ किंचित बाहेर झुकलेली दिसत होती. गलका एकदम थांबला. काकांनी तिथे गेरूने तारीख घातली आणि ओळंब्याने मोजून अंतर लिहिलं.

पैसे देणाऱ्या संस्थेचा माणूस त्या दिवशी हजर होता. त्याला हमरस्त्यावरून दिसेल असा एक मोठा पक्षी हवा होता. एका मुलीने त्याला हाताला धरून टोकाला नेलं आणि म्हणाली, "काका, डोळा मिटा." त्यानंतर पक्ष्याची गोष्ट त्याने काढली नाही.

उरलेला दिवस मुलांचा. प्रत्येक छिद्राचं त्यांनी तोंड केलं: मासा, वाघ, नळ, पान खाणारी आजी. प्रत्येक तोंडावर नंबर, म्हणजे कुठलं बंद पडलं ते सांगता यावं. बायकांनी पट्ट्यांत आपापल्या गावची दारं काढली. एकीने फक्त उंबरा काढला, घर तिला आठवत नव्हतं.

जुलैच्या मोठ्या पावसात निरोप आला: "वाघ आणि नऊ नंबरचा मासा कोरडे." पोरांनी सळई घालून वाघ मोकळा केला. मासा अजून उघडलेला नाही. तारखेसकट फोटो जोडून वॉर्ड ऑफिसला अर्ज गेला आहे. वरच्या आळीतल्या भिंतीला तर छिद्रंच ठेवलेली नाहीत. तिथले लोक म्हणतात, आधी छिद्रं पाडून द्या, मग रंगाचं बोलू. त्यांचा अर्ज लिहायला मी रविवारी जाते आहे.