टक्-टक्

काल रात्री रेडिओवर हैदराबाद लागलंच नाही. लागली ती टक्-टक्. सेकंदाला एक, सगळ्या मिडीयम वेव्हवर, कुठंही काटा न्या.

मोठ्या पोरानं परवा वावराला झटका मशीन बसवली, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी. रानडुकरं, रोही आता धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, येणार नाहीत. तार ओढून झाल्यावर म्हणाला, "आता जागलीले कायले जाता? झोपा न घरी." चांगल्या मनानंच म्हणाला. पण तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

दुपारी या रेडिओवर आपलं नागपूर, ५८५ किलोहर्ट्झ, तेवढंच. दिवसा वरच्या हवेतला एक थर मिडीयम वेव्हच्या लहरी खाऊन टाकतो. सूर्य बुडाला की तो विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावरून लांबची स्टेशनं खाली उतरतात. दिवेलागणीला आधी बारीक शिट्टी येते, मग तिच्याखालून तेलुगू बोलणं. ७३८, हैदराबाद. मध्यरात्र झाली की शेकोटीकडून रेडिओ थोडा वळवायचा, एक स्टेशन बुडतं, दुसरं वर येतं. मचाणावर काळोखातही माझ्या हाताला ते वळण पाठ आहे.

१९८८ पासून राष्ट्रीय वाहिनी होती. बुटीबोरीचा १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर, १५६६, संध्याकाळी सुरू झाला की थेट पहाटेपर्यंत. साऱ्या देशासाठी होती, पण मला ती जागलीवाल्यांचीच वाटायची. ती बंद झाली तेव्हाही असंच झालं होतं मला. जाऊ द्या.

डबा बडवायचा, आरोळ्या ठोकायच्या, इतकी वर्षं तेच माझं काम. ते आता तार करते. आणि वरून माझा रेडिओही तिनंच घ्यावा?

मग रेडिओ काखेत घेऊन धुऱ्यानं निघालो. राहवेना म्हणून. नाल्याच्या कोपऱ्यावर आवाज इतका वाढला की कान दुखला. हातातली बॅटरी विझवून पाहिलं, तर तुरीची दवानं ओली फांदी तारेला टेकलेली आणि तिथं प्रत्येक टक्-ला निळी ठिणगी. माघारी जाऊन मशीन बंद केली. एकदम हैदराबाद! बाईचं गाणं, मधूनच सुरू झालेलं. क्षणभर वाटलं, राहू द्यावी बंदच. सकाळी कोणाला काय कळणार होतं.

फांदी छाटली. मशीन चालू केली. टक्-टक् उरली, पण गाण्याच्या पार खाली, पलीकडच्या वावरात कोणी खुंटी ठोकत असावं तशी.

सकाळी मोठ्याला फांदीचं सांगितलं. चहा पिता पिता थांबला. म्हणाला, "मले तर दिसलीच नसती. मंग रोज रात्री एक चक्कर मारत जा, रेडिओ घेऊन."

आज दोन सेल आणले. पूर्वेकडच्या धुऱ्याला गवत फार माजलंय, तिकडून सुरुवात करीन.