तुम्ही विचारलंत म्हणून: काहून झालं?

लग्नात, भिशीत, बर्डीवर भाजी घेताना माझ्या बोटांकडे लक्ष गेलं की प्रश्न येतोच. "इतक्या कमी वयात संधिवात काहून झाला वो तुले?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरंही येतात. आंबट खाल्लं असशील. कूलरसमोर झोपत असशील. बाळंतपणात अंग शेकलं नसेल. अकरा वर्षं मी हसून विषय बदलला. आज नीट सांगते.

संधिवात हा एक आजार नाही. शंभराहून अधिक आजारांचं ते आडनाव आहे, आणि घराघरात त्याचं कारण वेगळं निघतं.

माझा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. ती का उलटते याचं एकच एक कारण नाही. काही जनुकं धोका वाढवतात, पण ती असलेल्या बहुतेकांना हा आजार होतही नाही. बायकांना तो पुरुषांच्या दुपटी-तिपटीने होतो. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांना धोका जास्त. मी कधी बिडी ओढली नाही. पण मावशीची बोटं अशीच वाकडी होती. घरात सगळे तिला 'वाताची' म्हणायचे आणि पुढे कोणी काही विचारायचं नाही.

माझी बोटं पहिल्यांदा आखडली तेव्हा सकाळी कणीक मळता येईना, तेलाच्या डब्याचं झाकण निघेना. एका डॉक्टरांनी आठ महिने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. घरच्यांनी आंबट बंद केलं. काटोलच्या बागेतून मृग बहराची पेटी यायची, घरभर संत्र्याचा वास सुटायचा आणि मी दोन वर्षं एक फोडही तोंडात टाकली नाही. आंबट खाऊन आमवात होतो याला काही आधार नाही. संत्र्यांचं मला वाईट वाटत नाही, त्या आठ महिन्यांचं वाटतं. आमवातात सुरुवातीचे महिनेच मोलाचे असतात. योग्य औषध तेव्हा सुरू झालं तर सांधे वाचतात, एकदा वाकलेलं बोट औषधाने सरळ होत नाही.

आईच्या गुडघ्यांची गोष्ट अगदी वेगळी. तिथे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजली आहे. वय, पाळी गेल्यानंतरचा काळ, वाढलेलं वजन, आणि तरुणपणी लुनावरून पडून दुखावलेला तोच उजवा गुडघा. वजनाचा हिशेब मला थेरपिस्टबाईंनी समजावला: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आईने सहा किलो उतरवलं. आता ती रामनगरच्या देवळाच्या पायऱ्या कठडा न धरता चढते.

भाऊजींच्या पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद झाला, पांघरुणाचा स्पर्शही सोसेना. आदल्या दिवशी सावजी मटण आणि बिअर झाली होती. तो गाऊट. रक्तातलं यूरिक अ‍ॅसिड वाढून सांध्यात त्याचे सुईसारखे खडे होतात. नुसत्या जेवणाला दोष देऊ नका, मूत्रपिंड ते किती बाहेर टाकतं यावरही बरंच ठरतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं.

आता कूलर. गार हवेने आमवात जडत नाही, फार तर असलेलं दुखणं बोचतं. पण नागपूरच्या कूलरचा सांध्यांशी संबंध आहेच, तो टाकीतून. पाऊस लागला की कूलर बंद होतो, पाणी मात्र टाकीत तसंच राहतं, आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास अंडी घालतो. चिकुनगुनिया तोच पसरवतो. २००६ च्या साथीत आमच्या गल्लीतले कितीतरी जण भिंत धरून चालत होते. या नावाचा अर्थच मुळी वाकवून टाकणारा असा आहे, पूर्व आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेतला. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत मोकळे होतात, काहींचे वर्ष उलटलं तरी दुखत राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा, घासा, वाळवा.

विदर्भात आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं: सिकलसेल. विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, हाड खचतं आणि विशी-पंचविशीतच सांधा खराब होतो. लंगडणाऱ्या तरुण पोराला 'वात भरला' म्हणून तेल चोळत बसू नका हो, आधी रक्त तपासा.

गेल्या दिवाळीत समोरच्या घरातली सून फराळ द्यायला आली. ताट तिने दोन्ही तळव्यांवर तोलून धरलं होतं, बोटांनी धरलंच नव्हतं. तिला मी काय खाल्लंस ते विचारलं नाही. विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?" झिजेच्या दुखण्यात साधारण अर्ध्या तासात मोकळी होतात. ती म्हणाली, "ताई, पोरीचा डबा भरेपर्यंत नाहीच उघडत. नऊ वाजतात." उठते साडेपाचला.

त्याच आठवड्यात मी तिच्यासोबत धंतोलीला सांधेतज्ज्ञांकडे गेले. तिची बोटं आखडायला लागून तीनच महिने झाले होते.